वाजवून घेतलेला खुबा

पहिल्यांदा मला वाटलं, चप्पल वाजतेय.

सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरायला जायची माझी सवय होती. त्या वेळी तिथे फार माणसं नसायची. चालता चालता 'कीर्र' असा बारीक आवाज आला. चप्पल नवी, कातडी होती, वाजणारच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जुनी घालून गेलो, तरी तोच आवाज. मग चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चालून पाहिलं. एक ओळखीचे मास्तर समोरून येत होते, ते माझ्याकडे आणि हातातल्या चपलांकडे बघत गेले. बघू देत. आवाज पुन्हा आला, आणि या वेळी तो कुठून येतोय ते मला कळलं. माझ्या उजव्या जांघेतून येत होता.

मी तिथेच कठड्यावर बसलो. घाम फुटला होता, आणि दिवस तर थंडीचे होते.

चिनी माती म्हणजे काय ते मला विचारा

हे लिहितोय ते माझ्यासारख्या माणसांसाठी. ज्यांच्या अंगात डॉक्टरांनी काहीतरी बसवलंय, आणि जे रोज कान लावून त्याची चाहूल घेतात, त्यांच्यासाठी.

माझा खुबा पस्तिशीतच गेला. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला, असं सांगितलं. लंगडत लंगडत वर्षं काढली आणि शेवटी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईला जाऊन नवा बसवून घेतला. तिथले डॉक्टर परदेशात शिकून आलेले होते. म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला सिरॅमिकचा बसवू. गोळाही त्याचा आणि वाटीही त्याचीच."

मी विचारलं, "सिरॅमिक म्हणजे काय हो?"

"तुमच्या भाषेत चिनी मातीच म्हणा. फार शुद्ध, फार कडक. तुमच्या जन्माला पुरेल."

मला हसूच फुटलं. कारण माझं दुकान कपबशा आणि बरण्यांचं. जळगावच्या बाजारात वडिलांनी टाकलेलं, मी वाढवलेलं. बायकोला म्हटलं, "सुशीला, इतकी वर्षं चिनी माती विकली, आता ती आत येऊन बसतेय."

त्यानंतर माझं मांडी घालून बसणं बंद झालं, उकिडवं बसणं बंद झालं. दुकानातली गादी गेली आणि उंच स्टूल आलं. लग्नाच्या पंगतीत सगळे खाली आणि मी एकटा खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. लोक म्हणायचे, शेठ आता उंचावरून जेवतात. चालतंय. पाय दुखत नव्हता, मी राजा होतो. दहा-बारा वर्षं अशी गेली, आणि खरं सांगतो, आत काही बसवलंय हे मी विसरून गेलो होतो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही.

चिनी मातीचं भांडं घेताना कोणी नुसतं बघून घेत नाही. उन्हाळ्यात लोणच्याचे दिवस आले की एरंडोल, पारोळ्याकडच्या खेड्यांतल्या बाया बरण्या घ्यायला दुकानात येतात. बरणीकडे बघतसुद्धा नाहीत आधी. म्हणतात, "वाजाडी दखाडा भो." म्हणजे वाजवून दाखवा. मग मी बरणी तळहातावर तोलून धरतो आणि नखाने टिचकी मारतो. ठण्ण वाजली तर माल शाबूत. ठप्प वाजली तर कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. तडा गेलेला कप दिसायला साजरा असतो. गार पाणी वर्षभर प्यालात तरी त्याला काही होत नाही. पण एखाद्या दिवशी कढत चहा ओतला की हातात कान राहतो आणि चहा मांडीवर.

आता सांगा, अशा माणसाच्या जांघेतून चिनी माती कीर्र वाजली तर तो काय समजणार? मी समजलो, तडा गेला.

दाराला तेल

घरी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार? सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

आवाज रोज नाही यायचा. कधी बसून उठताना, कधी पायरी चढताना. सुशीलेला तो ऐकू आला, पण तिला वाटलं, दार वाजतंय. एक दिवस पाहतो तर ती वाटीत गोडेतेल घेऊन बसलेली आणि कापसाच्या बोळ्याने एकेका दाराच्या बिजागऱ्या भिजवतेय. स्वयंपाकघराचं दार, देवघराचं, मागचं, संडासाचंसुद्धा.

"कोणतं वाजतंय तेच कळत नाही मेलं," ती म्हणाली. "तुम्हाला येतो का आवाज?"

"नाही बुवा."

"कान गेले तुमचे."

मी हसलो, उठलो आणि कीर्र वाजलं. तिने पुन्हा मागच्या दाराला तेल घातलं.

हसण्यासारखंच होतं सगळं. पण आतून माझी पाचावर धारण बसली होती. पहिलं पाऊल टाकलं की जांघेत कळ यायची, चार पावलं चाललो की कमी व्हायची. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो, तर नुसतं 'जांघ धरते' म्हणालो, आवाजाबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला सांगितलं.

गरम पाणी! तडा गेलेल्या चिनी मातीला!

मी शेकलं तर नाहीच, उलट आंघोळीचं कढत पाणी सोडलं. सुशीला बंब पेटवून मला पाणी काढून द्यायची आणि मी न्हाणीत दार लावून त्यात गार पाणी ओतून ते पार कोमट करायचो. ऐन थंडीत. बाहेर यायचो तेव्हा दात वाजत असायचे. ती विचारायची, "काय झालं? एवढे का कापताय?"

"काही नाही."

त्या काही महिन्यांत मी 'काही नाही' इतक्या वेळा म्हटलं की ते माझं पालुपदच झालं. जिना चढताना थांबलो, काही नाही. दुकानात स्टुलावरून उतरताना गल्ला धरला, काही नाही. रात्री झोप येईना, तरी तेच. आणि मनात सारखं एकच चित्र, भर बाजारात खट् आवाज होतोय, पाय कोलमडतोय आणि आत मांसात चिनी मातीच्या फुटक्या चिपा. फुटलेला कप मी हजारदा झाडून गोळा केलाय. चिपा कुठवर उडतात ते मला माहीत आहे. आठवड्याने कपाटामागे सापडतात. अंगातून कोण गोळा करणार?

इथे तर दार नाही

चतुर्थीला आम्ही पद्मालयाला गेलो. एरंडोलपासून जवळच, जंगलात गणपतीचं देऊळ आहे. गर्दी ओसरली होती. गाभाऱ्यासमोर आम्ही दोघंच उभे होतो, भोवती शांत. मी नमस्काराला वाकलो आणि सरळ होताना लांबलचक कीर्र झालं. दगडी देवळात ते चांगलं घुमलं.

सुशीलेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सवयीने दार शोधत होती. मग तिची नजर माझ्यावर आली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इथे तर दार नाही."

मी गणपतीकडे बघून पुन्हा हात जोडले.

"पुन्हा वाका."

"देवासमोर कसला तमाशा करतेस?"

"वाका म्हणते ना!"

मी वाकलो, उठलो. कीर्र. तिने तोंडावर पदर धरला. माझ्या बायकोचं माहेर धुळ्याकडचं. एरवी ती शहरातल्यासारखं बोलते, पण भ्याली किंवा चिडली की सरळ अहिराणीवर येते. "माय वो!" म्हणाली, "मी दारेस्ले तेल लाई ऱ्हायनू, आनि तुमना पाय वाजी ऱ्हायना!"

आणि तिथेच पायरीवर बसून ती रडली. रडून झाल्यावर मला जे काही बोलली ते इथे लिहीत नाही. गणपतीने ऐकलंय. पण एक सांगतो, त्या दिवशी येताना मला हलकं वाटत होतं. भीती तेवढीच होती, पण आता ती वाहायला दोघं होतो.

पेंढ्याची उशी

ज्यांनी खुबा बसवला ते मुंबईचे डॉक्टर तोवर वारले होते. माझी थोरली बहीण धुळ्याला असते, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. सुशीलेने एसटीडी बूथवरून तिला फोन लावला. अक्काने चौकशी करून कळवलं की धुळ्यात एका खाजगी दवाखान्यात मुंबईचे एक हाडाचे मोठे डॉक्टर अधूनमधून येतात, असल्या सांध्यांचंच काम करतात.

जायचं एसटीने. आणि आमचा रस्ता कसा होता ते त्या वेळच्यांना विचारा. मी दुकानातून एक पोतं आणलं, त्यात पेंढा दाबून भरला, वर चादर शिवली. आमचा माल पेटाऱ्यात असाच येतो, कपाभोवती पेंढा कोंबलेला. ती उशी सीटवर ठेवली, आणि तशाच दोन लहान केल्या होत्या, त्या एक कंबरेशी, एक बाजूला.

सुशीला बघतच राहिली. "तुमच्यावर 'सांभाळून उचला' असं लिहू का?"

मला हसायचं नव्हतं, पण हसलो. पारोळ्यापर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला श्वास धरला. गाडी आदळली की डोळे मिटायचो आणि फुटल्याचा आवाज येतो का ऐकायचो.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते. पाय हलवून पाहिला, फोटो काढायला लावला, मग तो खिडकीच्या उजेडात धरला.

"आवाज कधीपासून येतोय?"

"दिवाळीपासून."

सुशीलेने झटकन माझ्याकडे पाहिलं. आता तर होळी झाली होती.

"पहिलं पाऊल टाकताना जांघेत कळ येते?"

"येते."

"ही काळी रेघ पाहिलीत?"

"तडा आहे ना तो?"

"नाही. ही वाटी आणि तुमचं हाड यांच्यातली फट आहे. वाटी हाडातून सुटलीय, तिरकी झालीय. त्यामुळे गोळा तिच्या काठावर घासतोय. घासून घासून दोघांची चकाकी गेली की असा आवाज येतो."

"पण तडा असेल तर फोटोत दिसतो का?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. "प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही. उघडल्यावर कळेल."

बस्स. त्यांनी बाकी जे सांगितलं ते सगळं माझ्या एका कानातून गेलं, आणि हे तेवढं आत बसलं.

मी म्हणालो, "जन्माला पुरेल म्हणाले होते."

"तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. "हा सांधा किती वर्षं टिकतो हे आम्ही तुमच्यासारख्या माणसांकडूनच शिकतोय."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. जुनं सगळं काढावं लागेल. आतलं हाड घट्ट असेल तर नवीन बसवता येईल, या वेळी धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी. पण हाड भुसभुशीत झालं असेल तर नवीन काही धरणार नाही. तसं असेल तर सगळं काढून सांध्याशिवाय पाय तसाच ठेवायचा.

"तसाच म्हणजे?" सुशीलेने विचारलं.

"पाय आखूड होईल. कुबड्या लागतील. दुखणं मात्र थांबेल."

"आणि हे कधी कळणार?"

"टेबलावर."

बाहेर आलो तर अक्का व्हरांड्यात डबा घेऊन उभी. तिने माझं तोंड पाहिलं आणि काही विचारलंच नाही. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "भाऊ, भिऊ नको. मी शे ना." साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी स्वतः बेजार. पण मी लहान पोरासारखा तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भर दवाखान्यात रडलो. लाजबिज काही वाटली नाही.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ फिनाईलच्या वासाने उजाडते. मावशी फरशी पुसायच्या, मग सिस्टर ताप बघायची, मग चहा. चहा कपात यायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने कपाला टिचकी मारली. ठप्प. मी तो तसाच परत पाठवला आणि मावशी कोड्यात पडल्या.

ऑपरेशनच्या आधी पायाला वजन बांधून ठेवलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी दोरी, दोरीला वजन, आणि मी उताणा. कूस बदलता येत नाही. पलंगावरच सगळे विधी. आयुष्यभर ताठ मानेने जगलेल्या माणसाला 'पॉट द्या' असं ओरडायला काय वाटतं, ते ज्याने ओरडलंय त्यालाच कळतं. पहिल्यांदा सुशीला बाहेर गेली होती आणि मी लाजेने इतका वेळ रोखून धरलं की पोटात कळा यायला लागल्या. शेजारच्या पलंगावरून आवाज आला, "वरड भो, वरड! आठे बठ्ठाच उघडा शेतस." म्हणजे ओरड, इथे सगळेच उघडे आहेत.

ते साक्रीकडचे एक म्हातारे शेतकरी होते, आबा. बैलाने पाडून खुब्याचं हाड मोडलेलं, आत सळई घातलेली. बोलायला एकदम मोकळे. मला विचारलं, "तुना पायमा काय शे?"

"चिनी माती."

आबा कोपरावर उठू पाहत होते, सिस्टरने दटावलं. "चिनी माती? मंग तू काय कपबशी शे का?"

त्या दिवसापासून वॉर्डात माझं नाव कपबशी. सिस्टरसुद्धा "कपबशीवाल्यांचं इंजेक्शन झालं का?" विचारायची. मी चिडायचो, पण खरं सांगू का, त्या नावाने मला फार धीर दिला. घरचे माझ्याशी देवळात बोलावं तसं बोलायला लागले होते. आबा मात्र माझ्याशी माणसासारखं बोलायचे.

सुशीलेशी माझे खटके उडत होते. तिचं म्हणणं, मला दिवाळीलाच सांगितलं असतं तर इथवर आलं नसतं. माझं म्हणणं, सांगून काय तू तेल घातलं असतंस? अक्का येऊन मध्ये बसायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढायची. सुशीला भाकरीचा पहिला तुकडा मोडून माझ्या हातात द्यायची, माझ्याकडे न बघता. आमचा समेट तसा व्हायचा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सुशीला पलंगाच्या कडेला बसली होती. मी तिला म्हटलं, "कुबड्या आल्या तर दुकानात मी कपाला हात लावू शकणार नाही. दोन्ही हात कुबड्यांत. टिचकी कोण मारणार?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. पण मला खरंच रडू आलं होतं. चालणं गेलं तरी माणूस जगतो, हे मला माहीत होतं. पण आपल्या जागेवर उभं राहून, एका तळहातावर बरणी तोलून, दुसऱ्या हाताने ती वाजवून दाखवणं, हेच मी होतो. बाकी माझ्याकडे काय होतं?

ती म्हणाली, "मी मारेन." आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसली.

हिरव्या पडद्यामागे

पूर्ण भूल देणार नाहीत, कंबरेतून देणार, हे मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पण त्याचा अर्थ सगळं ऐकू येणार, हे टेबलावर गेल्यावर लक्षात आलं.

कंबरेखालचं अंग मेलं. छातीपाशी हिरवा पडदा लावला. उशाशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "कसलं दुकान आहे तुमचं?"

"कपबशांचं."

"अरे वा. माझ्या किटलीची चोच फुटलीय. नुसती किटली मिळते का हो, की सगळा सेटच घ्यावा लागतो?"

पडद्यापलीकडे माझं मांस उघडत होते आणि पडद्याअलीकडे मी त्यांना किटलीचं सांगत होतो. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांना किटली नको होती, एवढं मला कळत होतं.

मग छिन्नी आणि हातोडा सुरू झाला. ठोका पडला की माझं सगळं अंग टेबलावर सरकायचं, दुखायचं मात्र नाही. दुखत होता तो माझा कान. इतकी वर्षं मी कान तयार केला होता तो काय याच्यासाठी? प्रत्येक आवाज मला वेगळा ऐकू येत होता. हाडावरचा, लोखंडावरचा. आणि मी वाट बघत होतो चिनी माती फुटल्याच्या आवाजाची.

तो आला नाही. काहीतरी ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

मग सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "लाईट इकडे घ्या." मी बाईंकडे पाहिलं. त्या पडद्यावरून पलीकडे बघत होत्या आणि किटलीबद्दल काही विचारत नव्हत्या.

मी देवाचं नाव घेतलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी मनात नुसतं 'नको, नको, नको' म्हणत होतो. कुबड्या नको. आखूड पाय नको. सुशीलेच्या टिचकीवर विसंबून राहणं नको. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो, बापाच्या मरणालासुद्धा नाही.

"वाटीची जागा बरी आहे," डॉक्टर म्हणाले. "आता दांडा बघू."

दांडा म्हणजे ज्याच्या टोकावर गोळा बसतो तो, मांडीच्या हाडात ठोकून बसवतात. ठोके सुरू झाले. ठप्प. ठप्प. ठप्प. हा आवाज मला माहीत होता. या आवाजाची बरणी मी बाजूला काढून ठेवतो.

डॉक्टर थांबले. "मोठा द्या."

दुसरा आला. ठप्प. ठप्प. मग थोडा वर चढलेला, ठक्. मी श्वास धरला. पुन्हा ठक्. आणि मग एक ठोका असा पडला की आवाज एकदम मोकळा झाला, उंच, स्वच्छ.

ठण्ण.

डॉक्टरही हातोडा थांबवून ऐकत होते. त्यांनी आणखी एकच, हलकी टिचकी मारावी तसा ठोका मारला. ठण्ण.

"बसला," डॉक्टर म्हणाले.

"बसला!" मी पडद्याअलीकडून ओरडलो आणि हुंदके देऊन रडायला लागलो. बाईंनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता बोला, किटलीचं काय?"

ट्रेमधला गोळा

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जुना गोळा गॉजमध्ये गुंडाळून आणून दिला. लिंबापेक्षा थोडा लहान, पिवळसर पांढरा. एका बाजूला आरशासारखा गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला बोटभर रुंदीचा पट्टा, तिथली चकाकी पार गेलेली, हात फिरवला तर खरखरीत. दहा-बारा वर्षं मी चाललो त्याची ती खूण.

मला हातात धरवेना. सुशीलेने घेतला. उलटासुलटा केला, तळहातावर तोलला आणि माझ्यासारखीच नखाने टिचकी मारली.

ठण्ण वाजला. माझ्या दुकानातल्या कुठल्याही कपापेक्षा स्वच्छ.

"अहो," ती म्हणाली, "हाऊ ते शाबूत शे!"

तडा नव्हताच. कधीच नव्हता. कढत पाण्याने त्याला काही झालं नसतं. माल चांगला होता, बसवलेली जागा ढिली झाली होती. आणि ढिल्या पेटाऱ्यात चांगला माल घासतो, हे मला सोडून कोणाला कळायला हवं होतं? मी पेंढ्याची उशी बाहेरून लावत होतो आणि ढिलं होतं ते आत. थंडीभर मी त्या कोमट पाण्याने कुडकुडलो ते उगाच. आबांना सांगितलं तर ते इतके हसले की सळईत कळ आली म्हणून ओरडायला लागले.

आज मी काठी घेऊन चालतो, पण दोन पायांवर. दुकानात स्टुलाशी उभा राहतो. नव्या सांध्याबद्दल डॉक्टरांनी काही लपवलं नाही. हाही झिजेल, कधी ते सांगता येत नाही, म्हणाले. म्हणजे भीती गेलेली नाही. ती जाते असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्यासारखं एकदा घाबरून बघावं. एकच विनवणी करतो: तुमच्या अंगात काही वाजलं, खुपलं, ढिलं वाटलं, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा. आपल्या धंद्याच्या अकलेने दुखणं ओळखायला जाऊ नका.

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याकडची एक म्हातारी बरणी घ्यायला आली. "वाजाडी दखाडा भो," म्हणाली. मी काठी गल्ल्याला टेकवली, बरणी तळहातावर तोलली आणि टिचकी मारली. ठण्ण. ती खूश होऊन गेली. मी बरणीची जागा नीट करायला वळलो आणि वळता वळता थांबलो. आजही थांबतो. कान आपोआप खाली जातो, जांघेकडे.

सुशीला जेवायला बोलवायला आली होती. तिने मला तसं उभं पाहिलं, आणि तिचाही चेहरा उतरला. "काय झालं?"

मी आणखी एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. आम्ही दोघंही ऐकत होतो.

"काही नाही," मी म्हणालो.

तिने स्वतः एकदा कान देऊन खात्री केली, आणि मग म्हणाली, "चला, भाकरी गार होतेय."